पॅरिसमध्ये आधी कोण?

चि. भाचेबुवा,


तुझा बेत ताईकडून कळला. चौघे मित्र पॅरिसला उतरणार, विमानतळावरच भाड्याची गाडी घेणार, तीच घेऊन चार दिवस शहर बघणार आणि मग नॉर्मंडी आणि लुआर नदीकाठचे राजवाडे. 'पुण्यात चालवतो, म्हणजे जगात कुठेही चालवीन' हे तुझं वाक्यही पोचलं. पुण्यात गाडी चालवणाऱ्याच्या हातात कसब असतं, हे मी कधीच नाकारणार नाही. पण ते कसब ज्या कामाला लागतं, ते कामच पॅरिसमध्ये नसतं.

आपल्या चौकात आधी कोण जाणार, हे तिथल्या तिथे ठरतं. कोणी नजर देतो, कोणी हॉर्न देतो, कोणी पुढचं चाक वीतभर आत घालतो आणि तेवढ्यात निकाल लागतो. तिकडे हा निकाल तू चौकात पोचण्याआधीच लागलेला असतो. तुला फक्त तो माहीत असायला हवा. लोक सांगतील की डावीकडे बसून उजवीकडून चालवणं अवघड. ते एक-दोन दिवसांत अंगवळणी पडतं. गाडी उजवीकडे जरा जास्त सरकते, म्हणून उजव्या आरशाकडे आणि फुटपाथच्या कडेकडे लक्ष ठेवायचं, इतकंच. खरी परीक्षा 'आधी कोण' याची आहे.

मूळ नियम असा. चौकात सिग्नल नाही, फलक नाही, तर उजव्या हाताच्या रस्त्याने येणारा आधी. रस्ता रुंद की अरुंद, हा प्रश्नच नाही. तू मोठ्या रस्त्याने सरळ चालला आहेस आणि उजवीकडच्या बोळातून एक आजीबाई चिमुकली गाडी घेऊन बाहेर पडल्या, तर थांबायचं तू. त्या तुझ्याकडे बघतीलच असं नाही. थांबणं तुझं काम आहे, हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. कोनावर उभा केलेला, पांढऱ्या किनारीचा पिवळा चौकोन दिसला, की समजायचं आपण अग्रहक्काच्या रस्त्यावर आहोत. त्याच चौकोनावर काळी तिरकी रेघ दिसली, की तो हक्क संपला आणि पुन्हा उजवीकडे बघत चालायचं.

गोल चौकात बहुतेक ठिकाणी आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि तसा फलकही असतो. पण विजय कमानीभोवतीचा एत्वालचा चौक याला अपवाद. तिथे 12 रस्ते येऊन मिळतात, जमिनीवर लेनचे पट्टे नाहीत, आणि आत शिरणाऱ्याचा मान आधी. म्हणजे आत फिरणाऱ्यानेच उजवीकडून घुसणाऱ्यासाठी थांबायचं. शहराला वेढणाऱ्या पेरिफेरिक रस्त्यावरही हेच. 19व्या शतकातल्या तटबंदीच्या पट्ट्यात बांधलेला हा 35 किलोमीटरचा रस्ता 1973 मध्ये पुरा झाला. त्याच्या फाट्यांना आजही जुन्या वेशींची नावं आहेत, पोर्त द'ओर्लेआं, पोर्त द'ओतय अशी. उजव्या लेनमधून चाललास, तर फाट्यावरून आत येणाऱ्याला जागा करून देणं तुझ्याकडे. वेगाची मर्यादा ऑक्टोबर 2024 पासून ताशी 50. नाव रिंग रोडचं असलं, तरी तिथे पळवायचा विचार नको.

आणखी चार बारकावे. सिग्नलचे दिवे चौकाच्या अलीकडेच असतात, पलीकडे नसतात. रेघ ओलांडून पुढे थांबलास, तर हिरवा झालेला कळणारही नाही. लाल असताना उजवीकडे वळायचं नाही. सायकलवाल्यांना मात्र काही चौकांत तशी मुभा असते, तसा छोटा फलक लावलेला असतो. एकेरी गल्लीतही समोरून सायकल येऊ शकते आणि पुष्कळदा ती नियमानेच येत असते. चौथी गोष्ट म्हणजे हॉर्न. शहरात तो फक्त तातडीचा धोका असेल तर वाजवायचा. 'मी येतोय' हे सांगायला नाही.

आता मोठं चित्र बघ. 'आधी कोण' याचा निकाल पॅरिसने सबंध शहरासाठीही लावला आहे, आणि तो मोटारीच्या विरोधात गेला आहे. 1967 मध्ये याच शहराने सेन नदीच्या उजव्या काठाने मोटारींचा वेगवान रस्ता काढला होता. मोटारीला वाट करून देणं हीच तेव्हा प्रगती होती. 2013 मध्ये डाव्या काठाचा काही भाग मोटारींना बंद झाला, 2016 मध्ये उजव्या काठाचा मधला भाग, आणि तिथे आता लोक चालतात, सायकली फिरवतात. ऑगस्ट 2021 पासून शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी 30 आहे. नोव्हेंबर 2024 पासून मधल्या चार विभागांतून मोटार नुसती आरपार नेता येत नाही. तिथे काही काम असेल तरच शिरायचं.

मग पार्किंग. फेब्रुवारी 2024 मध्ये पॅरिसने अवजड गाड्यांच्या पार्किंगवर जनमत घेतलं. मतदानाला सहा टक्केसुद्धा लोक आले नाहीत, पण आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी दरवाढीला कौल दिला. त्या ऑक्टोबरपासून 1.6 टन किंवा जास्त वजनाची पेट्रोल, डिझेल वा हायब्रिड गाडी बाहेरच्या माणसाने मधल्या अकरा विभागांत रस्त्यावर लावली, तर तासाला 18 युरो पडतात. विजेच्या गाडीला ही मर्यादा 2 टनांची. म्हणून काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, 'तुमची छोटी गाडी नाही, त्याच भाड्यात मोठी एसयूव्ही देतो', तर आनंदाने चावी घेऊ नकोस. आधी वजन विचार.

काउंटरवरही प्रश्न तोच असतो, फक्त वेगळ्या रूपात: काही झालं तर आधी पैसे कोणाचे? विमा असला, तरी नुकसानीतला ठरावीक वाटा तुझाच असतो. तो किती, हे सही करण्याआधी वाच. त्यासाठी क्रेडिट कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात आणि कार्ड बहुधा मुख्य चालकाच्याच नावाचं लागतं. चौघे आळीपाळीने चालवणार असाल, तर प्रत्येकाचं नाव करारात हवं. ज्याचं नाव नाही, त्याने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून घे. ते एक वर्ष चालतं, पण एकटं चालत नाही. मूळ लायसन्स सोबत पाहिजेच. पंचविशीच्या आतल्या चालकाला बहुतेक कंपन्या जादा पैसे लावतात, तोही हिशोब धर. गिअरची गाडी तिकडे सर्रास मिळते आणि गिअर उजव्या हाताने टाकायचा असतो. ऑटोमॅटिक हवी असेल, तर आधीच सांगून ठेव, ती महागही पडते. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी, चाकांच्या रिमसकट फोटो काढ आणि परत करतानाही काढ. पेट्रोल पंपावर गोलातलं चिन्ह पेट्रोलचं, चौकोनातलं डिझेलचं. झाकणाच्या आत तेच चिन्ह असतं, ते जुळवून बघ.

कॅमेऱ्याने टिपलेला दंड आधी गाडीच्या मालकाकडे, म्हणजे कंपनीकडे जातो. ती तुझं नाव-पत्ता सरकारला कळवते, त्या कळवण्याचे वेगळे पैसे कापते, आणि मूळ दंडाचा कागद नंतर घरी येतो. सहल संपली म्हणजे हिशोब संपला, असं समजू नकोस.

एवढं वाचून गाडीचा बेतच रद्द करू नकोस. शहराच्या हद्दीबाहेर गाडीइतकं सुख नाही. लुआरच्या काठी एका राजवाड्यातून दुसऱ्याकडे, वाटेत वाटेल तिथे थांबत जायचं, तर गाडीच हवी. मोटरवेवर मर्यादा 130, पाऊस असेल तर 110. गावात शिरताना आकडा शोधू नकोस. लाल किनारीच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव दिसलं, की दुसरा आकडा नसेल तर 50. त्याच नावावर लाल रेघ मारलेली दिसली, की गाव संपलं. नॉर्मंडीकडे जाणाऱ्या ए-13 वर टोलनाके आता उरलेले नाहीत. वर लावलेले कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि 72 तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. कोणी अडवलं नाही म्हणून रस्ता फुकट समजणारे पुढे दंड भरतात.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. पॅरिसचे चार दिवस मेट्रो, बस आणि पाय. गाडीचं बुकिंग विमानतळावरचं काढून टाक. लुआरसाठी वेगवान रेल्वेने तूरपर्यंत जा आणि गाडी तिथून घे. नॉर्मंडीसाठी रुआंपर्यंत रेल्वे, पुढे गाडी. छोट्या गावांतली भाड्याची कार्यालयं दुपारी जेवणाला बंद होतात, रविवारी बहुधा उघडतच नाहीत, म्हणून घेण्या-देण्याच्या वेळा आधीच बघून ठेव. नेली तिथेच परत केली, तर भाडंही कमी पडतं. पहिल्या दिवशी चौघांतल्या सगळ्यात शांत माणसाच्या हाती गाडी द्या. सगळ्यात सराईत माणसाला शेजारी बसवा आणि उजवीकडे बघायचं काम त्याला द्या. तो सराईत तूच असशील, हे मी धरून चाललो आहे.

आरटीओचं काम याच आठवड्यात उरकून घे. ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा