दैवतांचे पालट

ट्युनिशियाच्या मध्यभागातील स्बैत्ला हे गाव आज लहान असले, तरी त्याच्या वेशीशी उभ्या असलेल्या सुफेतुला या रोमन नगराच्या चौकात, इ. स. १३९ मधील अँटोनिनस पायसच्या कमानीखालून जो प्रवासी प्रवेश करतो, त्याला समोर ज्युपिटर, जुनो आणि मिनर्व्हा यांची मानली जाणारी तीन स्वतंत्र देवळे एका रांगेत दिसतात. आणि ज्या साम्राज्याने एवढ्या दूरच्या मुलखातही आपले देव इतक्या इतमामाने स्थापिले, त्याचा अंमल उठल्यावर त्या देवांचे काय झाले, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही.

देवळांच्या पलीकडे, व्हिटालिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रार्थनामंदिरात बाप्तिस्म्याचे एक कुंड आहे. ते जमिनीत उतरलेले, नागमोडी काठाचे, दोन्ही टोकांना पायऱ्या असलेले आणि रंगीत खड्यांच्या नक्षीने मढविलेले असून, व्हिटालिस आणि कार्डेला यांनी आपला नवस फेडला, असा लॅटिन लेख त्या नक्षीतच विणलेला आहे. याच प्रांतातील भाविकांनी सॅटर्नला वाहिलेल्या शिळांवरही नवस फेडल्याची हीच नोंद सापडते. आणि तो सॅटर्न तरी कोण, तर रोमन नाव धारण केलेला कार्थेजकालीन बाल हम्मोन! दैवते पालटली, तरी संकटात नवस बोलणारा आणि ते टळल्यावर ऋण फेडणारा माणूस पालटला नाही.

परंतु एवढ्यावरून सर्व पंथ एकच, असा सोयीस्कर निष्कर्ष काढू गेल्यास इतिहास आडवा येतो. जवळच्या सुफेस नगरात, म्हणजे आजच्या स्बिबा येथे, इ. स. ३९९ च्या सुमारास हर्क्युलिसची मूर्ती फोडली गेल्यावरून साठ ख्रिस्ती जनांची हत्या झाली, तेव्हा बिशप ऑगस्टीनने तेथील कारभाऱ्यांना उपरोधाने कळविले की, मूर्ती आम्ही भरून देतो, धातू आहे, संगमरवर आहे, कारागीरही आहेत. तुम्ही मात्र ते प्राण परत करा. या पत्रात मूर्तिपूजकांविषयीचा तुच्छभाव उघड आहे, आणि ज्या पक्षाच्या हाती तेव्हा राजसत्ता होती, त्याच पक्षाचा तो मनुष्य होता. तथापि त्याने मांडलेला हिशेब त्यामुळे खोटा ठरत नाही. ६४७ मध्ये अरबांच्या स्वारीत बायझंटाईन सुभेदार ग्रेगरी याच परिसरात पडला आणि पुढे क्रूसाचाही अंमल येथून उठला, तेव्हाही तो हिशेब तोच राहिला.

देवाची मूर्ती पुन्हा घडविता येते, मारलेला मनुष्य पुन्हा घडविता येत नाही. ज्या श्रद्धेला एवढे उमगत नाही, तिने आपला देव कितीही थाटाने बसविला, तरी तिला धर्म म्हणू नये.