भिंतीआडची गळती आणि विकणाऱ्याचे मौन

भिंतीत दडलेली गळती ठाऊक असताना त्याबद्दल अवाक्षरही न काढता घर विकणे, हे खोटे बोलणे ठरते का? रोमन विचारवंत सिसेरो याने इ.स.पू. 44 मध्ये लिहिलेल्या ‘दे ऑफिकिइस’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात नेमका हाच प्रश्न घेतला आहे. त्याच्या उदाहरणातले घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, झोपायच्या खोल्यांत साप निघतात. पण हे मालकाखेरीज कोणालाच माहीत नाही. बॅबिलोनचा डायोजिनिस हा स्टोइक तत्त्वज्ञ मालकाची बाजू घेतो: न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, आणि घेणाऱ्यावर कोणी सक्ती केलेली नाही. त्याचाच शिष्य अँटिपॅटर हे मान्य करत नाही. वाट चुकलेल्याला रस्ता न दाखवणे हा अपराध असेल, तर जाणूनबुजून त्याला चुकीच्या वाटेला लागू देणे त्याहून वाईट, असे तो म्हणतो. सिसेरोचा कौल शिष्याकडे आहे.

डायोजिनिसच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांपुरते. तडा गेलेली फरशी घेणारा पाहू शकतो. नळकामाचे तसे नसते. भिंतीत गाडलेला जीआय पाइप आतून गंजत जातो. न्हाणी ट्रॅपच्या सांध्यातून झिरपलेले पाणी आधी कोब्यात मुरते आणि मग कधीतरी खालच्या घराच्या छताला ओल येते. तोवर वर्षे उलटलेली असतात. घर बघायला आलेला माणूस नळ सोडून पाहील, टाइल्स वाजवून पाहील. भिंत फोडणार नाही. म्हणून ‘नीट बघून घ्यायला हवे होते’ हा सल्ला इथे अन्यायाचा आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही झाकलेला किंवा निकृष्ट माल विकण्यास मनाई आहे. भारतात 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 अँटिपॅटरच्याच बाजूचे आहे: विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, न सांगणे ही फसवणूक ठरते.

खरी अडचण ‘माहीत असणे’ या अटीत आहे. ज्याला गळतीची कल्पनाच नव्हती त्याच्या माथी लबाडी मारता येत नाही, मग घेणाऱ्याचे नुकसान कितीही मोठे असो. याउलट ओलीच्या डागावर विक्रीच्या तोंडावर रंग फासणारा मालक नुसता गप्प नसतो. त्याचा रंगच खोटे बोलतो. या दोघांमध्ये आणखी एक माणूस असतो, ज्याला शंका आली होती पण ज्याने प्लंबर बोलावला नाही. त्याने अज्ञान स्वतःहून पत्करलेले असते. कायद्याला ते सिद्ध करणे अवघड जाईल, पण नीतीच्या दृष्टीने तो निर्दोष नाही.

काळ लोटल्याने दोष पुसला जातो का? नव्या बांधकामातील दोषांसाठी 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने विकासकावर ताबा दिल्यापासून 5 वर्षांची जबाबदारी टाकली आहे. जुन्या घराच्या पुनर्विक्रीला ती लागू नाही. मात्र 1963 च्या मुदत कायद्याच्या कलम 17 नुसार, फसवणुकीच्या दाव्याची मुदत ती उघडकीस आल्यावर, किंवा वाजवी दक्षता घेतली असती तर ती ज्या दिवशी कळू शकली असती तेव्हापासून, मोजली जाते. आणि गळती प्रत्यक्ष कळल्याच्या दिवसापासून आजचा मालकही जाणता होतो: गळती दुरुस्त न करता त्याने घर पुढे विकले, तर सांगण्याचे कर्तव्य त्याचे असते.