आंग्रिया बँकेवर कोण जाणार?

माझी भाची समुद्री जीवशास्त्रातली. आंग्रिया बँकेच्या पाहणीसाठी तिची निवड झाली आणि त्याच आठवड्यात तिला दिवस राहिल्याचं कळलं. सातवा आठवडा. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरावर किलोमीटर आत, समुद्रात बुडालेलं हे प्रवाळांचं पठार. त्याचा माथासुद्धा सुमारे वीस मीटर पाण्याखाली. माझी हयात बाळंतपणं करण्यात गेली, म्हणून ती विचारायला आली.

"मावशी, आडवळणं नकोत. जाऊ का?"

"बोटीवर जा. पाण्यात टाकी लावून उतरू नकोस."

"का?"

"वीस मीटरवर दाब तिप्पट होतो. त्या दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन तुझ्या रक्तात, चरबीत विरघळतो. वर येताना तो सुटतो, कधी बुडबुडे होऊन. काहीही त्रास नसलेल्या डायव्हर्सच्या शिरांतही ते डॉपलरवर दिसतात. तुझं निभावतं, कारण तुझी फुप्फुसं ते गाळून घेतात. गर्भाची फुप्फुसं हे काम करत नाहीत. त्याचं बरंचसं रक्त हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या उघड्या झडपेतून आणि एका जोडनळीतून फुप्फुसांना बगल देऊन पुढे जातं. तिथे बुडबुडा झालाच तर मेंदूपर्यंत त्याला अडवणारं कुणी नाही."

"झालाच तर! झालेला कुणी पाहिलाय?"

"मेंढ्यांच्या गर्भात पाहिलाय. सगळे प्रयोग जुळत नाहीत, हेही खरं."

"आणि बायकांत?"

"१९८० साली अमेरिकेत एक पाहणी छापून आली. गरोदरपणी डाईव्ह केलेल्या १०९ जणी होत्या. त्यांच्या बाळांत जन्मजात व्यंगाचं प्रमाण ५.५ टक्के निघालं, न केलेल्यांच्या बाळांत शून्य."

"पाच टक्के म्हणजे..."

"म्हणजे फारसं काही सिद्ध होत नाही. एवढं प्रमाण एरवीच्या बाळंतपणांतही दिसू शकतं. शिवाय बायकांनी आठवून दिलेली माहिती. जिचं बाळ अडचणीत आलं ती उत्तर धाडण्याची शक्यता जास्त."

"मग तुझ्याकडे पुरावा नाही."

"नाही. आणि तो मिळवायचा नीट मार्गही नाही. गरोदर बायकांच्या दोन तुकड्या करून एकीला समुद्रात उतरवा, असं कुणी म्हणणार नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या सासूबाई ग्रहणात मला सुरी हातात धरू देणार नाहीत. त्यांच्याकडेही पुरावा नाही आणि त्यांच्याकडेही कारण आहे, किरणांचं. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक काय?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण गरोदर बाईला 'हे करू नको' म्हणणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही आणि त्यातले बहुतेक जण काळजीपोटीच बोलतात. मी म्हणाले, "ग्रहणाची शंका तपासून झालेली आहे. प्रत्येक ग्रहणात लाखो गरोदर बाया जगभर भाजी चिरतात, शेतात राबतात. त्यांच्या बाळांत वेगळं काही दिसलं नाही. तिथे धोका नाही असं म्हणायला आधार आहे. डाईव्ह करणाऱ्या गरोदर बाया मूठभर. इथे फक्त कुणी पुरतं पाहिलेलं नाही. शिवाय बुडबुडे आणि गर्भाचं रक्ताभिसरण या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिलेल्या आहेत, किरणांसारख्या मानलेल्या नाहीत."

"म्हणजे जे बायकांनी फारसं केलं नाही ते धोक्याचं. मावशी, पाण्याखाली किती खोल, किती वेळ राहायचं, याचे तक्ते हॉल्डेन या शास्त्रज्ञाने १९०८ साली बकऱ्यांवर प्रयोग करून काढले. पुढे नौदलातल्या तरुण पुरुषांवर तपासले. माझ्यासारखी बाई त्यात कुठेच नव्हती. तरी मी उतरले, तेव्हा तू पेढे वाटलेस."

"तेव्हा तू तुझा धोका पत्करलास."

"आताही शरीर माझंच आहे."

"तुझंच आहे, आणि तू ठरवशील ते मी मान्य करीन. पण तुला हे मूल हवंय. ते नको असतं तर मी वेगळं बोलले असते."

यावर तिने जे काढलं, त्याच्याभोवती आम्ही बराच वेळ घुटमळलो. दिवस राहिल्याचं कळण्याआधी ती मालवणला डाईव्ह करून आली होती. घाबरून फोन केला तेव्हा मीच तिला सांगितलं होतं की काळजी करू नकोस, एवढ्यावरून गर्भ पाडायचा विचारही मनात आणू नकोस, बहुधा सगळं ठीक असेल.

"मागच्या डाईव्हला तू 'बहुधा ठीक' म्हणतेस, पुढच्या डाईव्हला 'नको'. समुद्र तोच, मी तीच. सत्य एक आणि तुझी तोंडं दोन!"

मी सावकाश उत्तर दिलं, कारण या मुद्द्यावर माझ्या समोरच्या अनेक बाया उगाच रडलेल्या आहेत. "सत्य दोन्हीकडे एकच. धोका असलाच तर लहान असावा, पण किती लहान ते माहीत नाही. मागच्या डाईव्हबाबत तुझ्यापुढे पर्याय काय होता? गर्भ पाडणं. म्हणजे अनिश्चित धोक्यासाठी निश्चित नुकसान. पुढच्या डाईव्हबाबत पर्याय आहे न उतरणं. वजन वेगळं आहे, म्हणून उत्तर वेगळं."

"न उतरण्यात नुकसान नाही? ते कोण मोजतंय?"

इथे माझी भाषा अडखळली, हे खरं. मी बाळाची बाजू मोजत होते आणि तिची बाजू 'एक सफर हुकली' एवढीच धरत होते. हुकते ती सफर नव्हे. खाली प्रवाळांच्या फोटोंची चौकट जो लावतो, नोंदी जो करतो, त्याचंच नाव शोधनिबंधात वर येतं.

"आणि मावशी, तुझं 'नको' सुरू कधी होतं? अवयव घडतात ते पहिल्या आठवड्यांत, पाळी चुकल्याचं लक्षात येईस्तो ते काम सुरूही झालेलं. म्हणजे मूल हवं असलेल्या बाईने प्रत्येक महिन्याचा दुसरा पंधरवडा किनाऱ्यावर काढायचा?"

"मूल होऊ द्यायचं ठरवलं असेल तर निघण्याआधी तपासणी करावी. एवढंच मी सांगू शकते. तीही फार लवकर केली तर चुकते."

"मातृत्व लाभाच्या कायद्यात कष्टाचं काम टाळण्याचा हक्क आहे ना?"

"आहे, पण तो शेवटच्या महिन्यांसाठी. बाळंतपणाआधीचे सहा आठवडे आणि त्यांच्या आधीचा एक महिना. कायद्याच्या डोळ्यांपुढे मोठ्या पोटाची बाई आहे. तुझी अडचण पोट दिसायच्या आत आहे."

मग आम्ही पाहणीच्या प्रमुखांना पत्र लिहायला बसलो. ती बोटीवर राहील, खालून येणारे फोटो तिथेच वाचेल, जाती ओळखेल, आणि त्या कामाला नाव मिळेल, हे आधीच लेखी घ्यायचं, यावर दोघींचं एकमत. अडलं ते पहिल्याच वाक्यापाशी. तिला 'वैद्यकीय कारणामुळे' एवढंच लिहायचं होतं. मला 'मी गरोदर आहे' असं लिहिलेलं हवं होतं. लपवलं तर पुढच्या बाईलाही लपवावंच लागेल.

"पुढची बाई तुझ्या डोक्यात आहे," ती म्हणाली, "माझ्या डोक्यात पुढची पाहणी. हे वाचून त्यांनी ठरवलं की यापुढे पुरुषच न्यायचे, तर?"

"तर तो अन्याय, आणि त्याविरुद्ध भांडायचं."

"कुणी? सातव्या महिन्यात मी?"

पत्र अजून गेलेलं नाही. बोट सुटायला थोडे दिवस आहेत.