औषध दिलंच नसतं तर?

अँटॉप हिलहून परळचं केईएम रुग्णालय काही लांब नाही. सीजीएस कॉलनीतला कारकून असो की कोकरी आगारातला हमाल, घरात कुठे ना कुठे केईएमचा केसपेपर जपून ठेवलेला असतोच. मनाच्या आजारांवरच्या औषधांच्या इतिहासात या रुग्णालयाचं नाव फार वरच्या जागी आहे, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

1949 साली केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक निबंध लिहिला. रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन काय दिसलं, याची ती नोंद होती. वैद्यांना ही वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931मध्येच ती रक्तदाबावर आणि वेडावर गुणकारी असल्याचं लिहिलं होतं. पण जगाचं लक्ष गेलं ते वकिलांच्या निबंधामुळे. 1952मध्ये बाझलच्या सिबा कंपनीत तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं, 1954मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरच्या त्याच्या परिणामाचा अहवाल दिला आणि 1957च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत क्लाइन यांच्याबरोबर आपले वकीलही होते.

या कहाणीतला पुढचा भाग मला पुरस्कारापेक्षा मोलाचा वाटतो. रक्तदाबासाठी रेसरपिन घेणारे काही जण खिन्न होतात, जीव नकोसा झाला म्हणतात, अशा नोंदी येऊ लागल्या. नेमक्या त्याच सुमारास, 1955मध्ये, लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला रेसरपिन दिलं, दुसऱ्याला निव्वळ दिखाऊ गोळी. रेसरपिनवाल्यांना जास्त बरं वाटलं. म्हणजे एका बाजूला हे औषध माणसाला खिन्न करतं अशी तक्रार, तर दुसऱ्या बाजूला तेच खिन्नता कमी करतं असा पुरावा. रक्तदाबाच्या त्या नोंदींत ताडून पाहायला दुसरा गटच नव्हता. त्या वयात, त्या आजारपणात, ही गोळी न घेताही किती जण खचले असते, हे कोणी मोजलं नव्हतं. तरी लक्षात राहिली ती तक्रारच. मेंदूतली ठरावीक रसायनं कमी पडल्याने नैराश्य येतं, या पुढे गाजलेल्या सिद्धान्तालाही तिचाच आधार मिळाला.

औषध दिलंच नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मनाच्या आणि व्यसनाच्या आजारांत टाळताच येत नाही. हे आजार आपोआप चढतात, आपोआप उतरतात. कोणी शांतपणे ऐकून घेतलं तरी थोडं हलकं वाटतं. गटारी साजरी करून श्रावणभर थेंबाला न शिवणारा माणूस भाद्रपदात पुन्हा गुत्त्यावर दिसतो. त्याला आषाढाच्या अखेरीस कोणी पुडी दिली असती, तर घरच्यांनी पुडीला गुण आला असंच म्हटलं असतं.

केईएममध्येच डॉ. एन. एस. वाहिया यांनी 1960-70च्या दशकांत पातंजल योगाच्या आधारे उपचार बसवले, तेव्हा हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या उपचारालाही विचारला. तुलनेच्या गटाला आसनांसारख्या दिसणाऱ्या हालचाली आणि प्राणायामासारखा दिसणारा श्वासोच्छ्वास दिला गेला. योगावर आधीच श्रद्धा असलेल्या देशात योगालाच अशी कसोटी लावायची, याला हिंमत लागते.

वस्तीपर्यंत मात्र ही कसोटी पोचली नाही. वडाळा ट्रक टर्मिनलच्या बाजूच्या भिंतींवर काय, लोकलच्या डब्यात काय, एकच कागद चिकटवलेला असतो: पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा. पुडी चहातून द्या, भाजीतून द्या. पुडीत काय आहे, ते कागदावर नसतं. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम हे खरं औषध 1948पासून माहीत आहे. ते पोटात असताना दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, कधी रक्तदाब धोकादायक पातळीला उतरतो. म्हणून रुग्णाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनेच ते द्यायचं असतं. नकळत दिलं तर जिवावर बेतू शकतं. पुड्या विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. विकत घेणाऱ्या बाईचा येत नाही. तिला दुसरं दारच दाखवलेलं नसतं.

ते दार गोव्यात उघडू लागलं. 1996मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी आधी अपयश पचवलं. 2003मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना आढळलं की दोन महिन्यांनंतर नैराश्याची गोळी दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरते, पण त्यांनी दिलेला बोलण्याचा उपचार ठरत नाही. तो निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला आणि पुढे उपचाराची घडणच बदलली. 2017मध्ये डॉ. अभिजित नाडकर्णी यांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निकाल आले. प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणारे, दारू घातक प्रमाणात पिणारे 377 पुरुष त्यात होते. सगळ्यांना नेहमीची काळजी थोडी सुधारून मिळाली. त्यांतल्या निम्म्यांशी, मानसोपचाराचं आधीचं काहीही शिक्षण नसलेल्या, पण त्यासाठी खास तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी एक ते चार बैठकींत बोलणं केलं. तीन महिन्यांनी आधीचे 14 दिवस दारूला न शिवलेले या गटात 42 टक्के निघाले, दुसऱ्यात 18. पण जे पीत राहिले, त्यांचं रोजचं प्रमाण काही कमी झालं नाही. तेही निबंधात स्पष्ट लिहिलेलं आहे.

त्या 18 टक्क्यांकडे मी पुन्हा पुन्हा पाहते. समुपदेशकाशी न बोलताही त्यांची दारू निदान तेवढे दिवस थांबली होती. दुसरा गट नसता, तर त्यांच्याएवढं श्रेयही उपचारानेच घेतलं असतं.

अशी चाचणी अँटॉप हिलच्या पालिका दवाखान्यात व्हावी, असं मला फार वाटतं. गोव्याचे आकडे इथे आयते लावून चालणार नाही. इथला ट्रकचालक चार बैठकींना चारही वेळा मुंबईत असेलच असं नाही, आणि दिवसाची मजुरी बुडवून कोण येणार? शिवाय त्या चाचणीत फक्त पुरुष होते. घरातल्या माणसाच्या पिण्याने खंगणाऱ्या बायकांसाठी नाडकर्णी यांच्याच गटाने गोव्यात वेगळं काम हाती घेतलं. त्यात समुपदेशक बोलतात ते तिच्याशी: ती हा ताण कशी झेलते, मदतीला कोण आहे, तिच्या हातात काय काय आहे. नवऱ्याची सुटो न सुटो, तिची झोप, तिची चिंता, तिचं दुखणं किती हललं, हे तिथे तिच्याच नावावर मांडलं जातं.