गंज गेला, खड्डे राहिले



जुन्या ट्रंकेत आजोबांचा एखादा वस्तरा अजूनही सापडतो. पाते शेफील्डचे किंवा झोलिंगनचे, मूठ शिंगाची. सलूनमध्ये आता बदलत्या पात्याचा वस्तरा आला आणि हे जुने वस्तरे पडून राहिले. आपला वडूजचा भाग कोरडा, वसईसारखी खारी हवा येरळाकाठी नाही. तरी पाते गंजतेच. शेवटच्या दाढीनंतर न पुसलेले पाणी तेवढ्याला पुरते.

असे पाते घरी दुरुस्त करता येते. त्यातून प्रायश्चित्त संस्काराविषयीचा एक अवघड प्रश्न समोर येतो, म्हणून कृती थोडी सविस्तर सांगतो.

पाते साबणाने धुऊन पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवावे. गंज सुटू लागतो. मात्र तासाभराने पाहावे, रात्रभर ठेवल्यास आम्ल चांगले पोलादही खाते. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, बारीक पॉलिशपेपरने घासावे. तांबडेपणा जातो आणि खाली खड्डे दिसतात. तिथले लोखंड गंजाने नेलेले असते. ते कोणत्याही औषधाने परत येत नाही.

पुढचे काम निळाई चढवण्याचे. पोलाद सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवले की निळे होते, पण वस्तऱ्याच्या बाबतीत हे करू नये. एवढ्या आचेने पात्याला दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही. झटपट निळे करणाऱ्या तयार द्रावणांत बऱ्याचदा सेलेनियमची विषारी संयुगे असतात. जुनी रीत वेगळी आहे. स्वच्छ पाते दमट जागी ठेवून त्यावर मुद्दाम पातळ, सारखा गंज येऊ द्यायचा आणि मग ते शुद्ध पाण्यात वीसेक मिनिटे उकळायचे. तांबडा गंज काळा होतो. सैल भुकटी पुसायची, पुन्हा गंज, पुन्हा उकळी. असे चार-पाच वेळा केले की निळसर काळा थर बसतो आणि तेल लावल्यावर तो पोलादाला राखतो. ज्या गंजाने पाते खाल्ले, तोच उकळल्यावर राखणदार होतो! पास्काच्या जागरणविधीतील घोषणागीतात चर्च आदामाच्या अपराधाला धन्य म्हणते. ते ऐकून बुचकळ्यात पडणाऱ्यांनी एकदा हे उकळते पाते पाहावे.

पण खड्डे? ते निळ्या थराखालीही तसेच दिसतात.

आपला प्रश्न हाच आहे. पापनिवेदन झाले, पापक्षमा मिळाली, मग खुणा का राहतात? दारू सोडलेल्या माणसाचे विकलेले शेत परत येत नाही. रागात बोललेला शब्द सुनेच्या मनातून जात नाही. मग क्षमा अपुरी पडली का? १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीत (परिच्छेद १४५९) याचे उत्तर स्पष्ट आहे. पापक्षमेने पाप दूर होते, पण पापाने झालेली सगळी मोडतोड आपोआप भरून येत नाही. चोरलेले परत करावे लागते, ज्याची बदनामी केली त्याची अब्रू सावरावी लागते.

यावर लोक दोन टोकांना जातात. काहींना गंज न काढताच वर निळाई हवी असते. तो थराखाली खातच राहतो. दुसरे, आणि माझ्या मते आपल्यात हे अधिक, एकही खड्डा दिसू नये म्हणून घासतच बसतात. स्वतःला किंवा दुसऱ्याला. घासून घासून पाते इतके पातळ होते की हातात काही उरत नाही. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट दर लग्नात काढणारे नातेवाईक हेच करतात.

जाणकार मात्र आधी खड्डा कुठे आहे ते पाहतो. पात्याच्या अंगावर असेल तर राहू देतो. धारेवर असेल तर पथरीवर तेवढी धार मागे घेतो, कारण तो खड्डा गाल कापील. ज्याने पतसंस्थेच्या पैशाला हात लावला, त्याला क्षमा करून मिस्सेत शेजारी बसवावे, पण किल्ली लगेच देऊ नये. यात निर्दयपणा नाही. त्याच्या मुलीच्या सोयरिकीत ती गोष्ट उकरणे मात्र निव्वळ क्रूरपणा आहे. संत पेत्राचा नकार चारही शुभवर्तमानांत नोंदलेला आहे, कोणी तो घासून काढला नाही. तरी मेंढरे त्याच्याच हाती सोपवली गेली, आणि त्याआधी प्रभूने त्याला एकच प्रश्न तीनदा विचारला.

वस्तऱ्याचा दाखला इथवरच पुरतो. पोलाद कोणाचे देणे लागत नाही, माणूस लागतो. जक्कयाने, कोणाला लुबाडले असेल तर चौपट परत करण्याचा शब्द दिला. प्रभू त्याच्या घरी गेला म्हणून यरीहोतले लोक कुरकुरत होते. चौपट पैसे हाती आल्यावर त्यांनी त्याला आपल्या ओसरीवर बसू दिले की नाही, हे संत लूकने लिहिलेले नाही.