पायवाटेचे देणे

दुसऱ्याच्या रानातून जाण्यायेण्याचा हक्क २० वर्षांच्या उघड, अखंड वापराने मिळतो, हे गावाकडच्या माणसाला वकिलाने सांगावे लागत नाही. पण ही तरतूद ज्या १८८२ च्या कायद्यात आहे, त्याचे पंचविसावे कलम सहसा कोणी काढत नाही. वाट वापरण्याजोगी राखायला येणारा खर्च हक्क भोगणाऱ्याने करायचा, जमिनीच्या मालकाने नव्हे, असे ते सांगते. सह्याद्रीतल्या पायवाटांना हे कलम जसेच्या तसे लागू होणार नाही. तिथली बरीच जमीन वनखात्याची आहे. त्यामागचा न्याय मात्र शनिवार-रविवारी डोंगर चढणाऱ्यांनी आपणहून स्वतःला लावून घ्यायला हवा.

हे पटत नाही, कारण डोंगरातली वाट आपोआप पडते आणि आपोआप टिकते अशी आपली समजूत असते. नाणेघाट पाहा. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल जुन्नरमार्गे पैठणकडे चढवण्यासाठी सातवाहनांच्या काळात तिथे कातळ फोडला गेला, पाण्याची टाकी खोदली गेली. गुहेतल्या नागनिका राणीच्या ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे. टाक्यांतला गाळ कोण उपसत होते, याची नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नसावी. पण कोणीतरी उपसत असणारच. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरा सांगते. तसे असेल तर वाटसरू त्या काळीही वाटेचे पैसे मोजत होता. वाट मोडायलाही माणूसच लागतो. गडाचा मार्ग सुगम असेल तर तो मोडावा, त्यावर झाडी वाढवावी आणि दुसरा अवघड मार्ग घालावा, असे रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र बजावते. १८१८ मध्ये इंग्रजांनी अलंग-मदनच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणून तिथे आजही दोर लागतो. पुढे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे आली, आणि बैलांच्या पाठीवरून माल चढवणारे कितीतरी घाट हळूहळू ओस पडले.

आज त्यांतल्या काही वाटा पुन्हा मळल्या आहेत, पण वापराचा काळ उलटा झाला आहे. लमाणांचे तांडे पावसाळा सरल्यावर निघत. आजचा ट्रेकर नेमका जुलै-ऑगस्टमध्ये, माती सर्वांत मऊ असताना, शेकड्यांनी येतो. वाट उखडते ती पाण्याने, आणि पाण्याला मार्ग करून देतात ते पाय. चालीने माती दबते, वाटेचा मध्य खोलगट होतो, पाऊस जिरायचा सोडून त्यातूनच खाली धावू लागतो. मुरूम वाहून गेला की मुळे आणि सुटे गोटे उघडे पडतात. चिखल चुकवायला माणसे कडेच्या गवतावर पाय टाकतात, आणि काही पावसाळ्यांत जुन्या वाटेशेजारी दुसरी घळ तयार होते. उपाय जुना आणि स्वस्त आहे. ठरावीक अंतरावर वाटेत तिरके, अर्धे पुरलेले दगड बसवले की पाणी वेग धरण्याआधीच दरीच्या बाजूला उतरते. मात्र त्या दगडांमागचा गाळ दरवर्षी मृगाआधी काढावा लागतो, नाहीतर पाणी दगडावरून उसळून पुन्हा वाटेतच उतरते. घोडे अडते ते इथे.

आम्ही कर भरतो, सरकारने करावे, असे यावर म्हटले जाते. सरकारने करावेच. पण सरकारी खर्चाचा ओढा उद्घाटन करता येईल अशा बांधकामाकडे असतो, आणि गाळ काढण्याचे उद्घाटन होत नाही. पाण्याची सोय न पाहता ओतलेल्या सिमेंटच्या पायऱ्यांखालची माती निघून जाते आणि पायऱ्या अधांतरी राहतात. दुसरा आक्षेप रांगडेपणाच्या चाहत्यांचा: डोंगर आहे तसा असू द्या. अलंग-मदनच्या बाबतीत मला तो मान्य आहे. त्या पायऱ्या पुन्हा बांधू नयेत, तुटलेपण हाही तिथला इतिहास आहे. पण शेकडो बुटांखाली रुंदावत चाललेली वाट ‘आहे तशी’ नसतेच. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वनहद्दीत परवानगीशिवाय कुदळ चालवणे गुन्हा ठरू शकतो, आणि हौशी हातांनी चुकीच्या जागी लावलेला दगड नुकसानच करतो.

म्हणून कुदळ जाणत्या हातांत हवी आणि खर्च चालणाऱ्यांचा हवा. पाणी कुठून उतरते, हे पायथ्याच्या गावातल्या गुराख्याला कोणत्याही नकाशापेक्षा नेमके ठाऊक असते. ट्रेक नेणाऱ्या संस्था माणशी पैसे घेतात, त्यात बस, नाश्ता, गाइड यांचा हिशेब असतो, वाटेचा नसतो. तो धरावा, आणि वनखात्याच्या परवानगीने गावच्या वन समितीमार्फत मे महिन्यात, शेतीची कामे कमी असताना, त्यातून मजुरी द्यावी. याने ट्रेक महागेल हे खरे. ज्या विद्यार्थ्यांना ते जड जाईल, त्यांनी मे महिन्यातला एखादा रविवार त्याच कामावर घमेली उचलायला यावे. गाळ काढायला माणसे नेहमी कमीच पडतात.