हर्नियाच्या नावानं चांगभलं!

टमी टक, म्हणजे पोट सपाट करण्याची शस्त्रक्रिया, करायची तर खुशाल करा. पोट तुमचं, पैसा तुमचा. माझं डोकं फिरलं ते एका रिक्षाच्या पाठीवरच्या टमी टकच्या जाहिरातीतल्या शेवटच्या ओळीनं: ‘मेडिक्लेमसाठी मार्गदर्शन’. मार्गदर्शन कसलं, हे बोरिवलीत शाळकरी पोरही सांगेल. निव्वळ रूपासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. अपघात, भाजणं, कॅन्सर किंवा खरी वैद्यकीय गरज असेल तरच बसते. मग केसपेपरवर हर्निया उगवतो.

‘सगळेच करतात’, ‘डॉक्टरच म्हणाले’ वगैरे सबबी सोडून देऊ. पण ‘इतकी वर्षं हप्ते भरतोय, एकदाही क्लेम घेतला नाही!’ हे मुलुंडच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी लग्नाच्या पंगतीत, जिलबी मोडता मोडता ऐकवलं. अहो, विमा काय भिशी आहे, की यंदा आपली चिठ्ठी निघालीच पाहिजे? क्लेम लागला नाही, म्हणजे इतकी वर्षं धडधाकट राहिलात. त्याबद्दल सत्यनारायण घालायचा सोडून वसुलीला निघालात! तुमच्या हप्त्यातून घाटकोपरच्या कुणाची तरी बायपास झाली. तेच त्या पैशाचं काम होतं. आणि हप्ता वाढला की सोसायटीच्या ग्रुपवर कंपन्यांच्या नावानं शिमगा करणारेही हेच.

खरोखर हर्निया असेल तर त्याचा खर्च हक्कानं मागा. सोबत पोट आवळून घेतलंत तर तेवढे पैसे खिशातून द्या. खोटा कागद पुढं अंगाशी येतो. उद्या रात्री-अपरात्री पोट धरून दुसऱ्या इस्पितळात गेलात, तर तिथला डॉक्टर हर्नियाची जाळी शोधत बसेल.

जाहिरात करणारे जे सांगत नाहीत तेही ऐका. टमी टकनं लठ्ठपणा जात नाही. सैल कातडी, तिच्याखालची चरबी काढतात, बाळंतपणात फाकलेले स्नायू शिवून जवळ आणतात. आतड्यांभोवतीची चरबी तिथंच राहते. ओटीपोटावर या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण, काही दिवस नळ्या, मग पट्टा, साधारण सहा आठवडे जड उचलणं बंद. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. आणखी मूल हवं असेल तर थांबा. सिगारेट-तंबाखू निदान चार आठवडे आधी सोडा. सर्जन प्लास्टिक सर्जरीतला एमसीएच आहे का, भूल कोण देणार, आयसीयू आहे का, हे तोंड उघडून विचारा. कन्नड अभिनेत्री चेतना राज 2022 मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गेली. वय 21.

आणि पुन्हा विम्याचं म्हणाल, तर सलग पाच वर्षं हप्ते भरले की कंपनीला जुनी खुसपटं काढता येत नाहीत; फसवणूक सिद्ध झाली तर मात्र ही सवलत नाही. एवढं सांगून कोण सुधारतंय म्हणा! निदान हर्निया झाल्याचं सांगितलंत, तर गोव्याच्या किनाऱ्यावरचे सपाट पोटाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. आमच्या ग्रुपवर दोन विमा एजंट आहेत.